जेरुशाचा दगड

नॉर्थ एल्डन, मॅसॅच्युसेट्स
बुधवार, १९ जानेवारी १९८३

चि. भाचीबाईस मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. इथलं म्हणशील तर सगळं जागच्या जागी आहे. बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलंय, सरपण मार्चअखेर पुरेल, आणि माझ्या डाव्या गुडघ्याचं रडगाणं चालू आहे. शनिवारी चर्चच्या तळघरात घेवड्याचं जेवण होतं. नव्या पाद्र्यांच्या बायकोनं त्यात एवढी काकवी ओतली होती की क्लिफर्डनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, हे जेवण समजायचं की जेवणानंतरचं गोड?" क्लिफर्ड म्हणजे आमच्या दफनभूमीची निगा राखणारा. सत्तरी उलटली, पण जिभेवर अजून लगाम नाही.

झाली ख्यालीखुशाली. आता तुझ्या पत्राकडे वळते. ते मी तीनदा वाचलं.

जूनमध्ये लग्न, आडनाव बदलेलच, तर त्याच सुमारास कोर्टात अर्ज करून पहिलं नावही बदलायचं आणि 'जेन' व्हायचं, असं तू ठरवलंयस. सुनावणी सतरा मेला. तू लिहितेस, "आमच्या बैठकीच्या खोलीत जिचा फोटो आहे त्या माझ्या आधी गेलेल्या बहिणीचं नाव मी सव्वीस वर्षं वापरतेय. ते तिचंच होतं, माझं कधी झालंच नाही. आई म्हणते, अगं, ते नाव तिचंही नव्हे, इंग्लंडच्या राजाच्या अमलात आपल्या घराण्यात एक जेरुशा होऊन गेली, तिचं आहे. मावशी, तू अडतीस वर्षं गावाचं दप्तर सांभाळलंस. अशी बाई खरोखर होती का, आणि मी तिच्या वंशातली आहे का, एवढं शोधून दे. असेन तर नाव ठेवीन. नसेन तर जेन."

आणि शेवटी हळूच चिमटा काढलायस. "तू मला एकदाही नावानं हाक मारलेली नाहीस. नाताळच्या कार्डावरसुद्धा 'प्रिय मुलीस' असतं. म्हणून तुलाच विचारतेय. तू माझं मन राखायला काहीतरी गोड सांगणार नाहीस."

बाई गं! फटकळपणाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. नावाचं म्हणशील तर मी म्हातारी झाले, माझ्या तोंडात नावं बसत नाहीत, असं समज.

शोध मी घेते. पण माझी रीत आधी सांगून ठेवते. वंशावळ खालून वर चढायची, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला कागद हवा. वरून खाली उतरणारे लोक मी ऑफिसात खूप पाहिले. त्यांच्यातला प्रत्येक जण इंग्लंडहून पहिल्याच जहाजातून आलेला निघतो. आपल्याकडे तू, तुझी आई, आमची आई, आणि तिची आई म्हणजे माझी आजी जेरुशा, इथवर काही अडचण नाही. तिथून मागे पाइक घराणं. ते मी सायलस पाइकपर्यंत नेलं, जन्म १७४६. सायलसच्या जन्माची नोंद अशी आहे: "नेथन पाइक आणि त्याची बायको यांस पुत्र." त्याची बायको! नाव लिहायला शाई कमी पडली होती मेल्याला. घरात ऐकत आलेय की ती जेरुशा वॅडलो, नदीपलीकडच्या इफ्रेम वॅडलोची लेक. पण ऐकीव गोष्टीला मी कागद म्हणत नाही.

बर्फ थोडं हटलं की वॅडलोंच्या कागदांना आणि थडग्यांच्या दगडांना हात घालते. आईला माझा नमस्कार सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

तुझी,
विनिफ्रेड मावशी

---

नॉर्थ एल्डन
बुधवार, २३ मार्च १९८३

चि. भाचीबाईस,

आशीर्वाद. बातमी चांगली नाही, म्हणून घोळ न घालता सांगते.

वॅडलोंचे मृत्यू गावच्या वहीत सापडले. "जेरुशा, इफ्रेम व टॅबिथा यांची कन्या, १७१९, वय दोन वर्षे." घशाच्या रोगाची साथ होती त्या साली, पानभर नुसती पोरंच पोरं आहेत. दोन वर्षांची होऊन गेलेली मुलगी पुढे नेथन पाइकशी लग्न कसं करणार? तेव्हा नेथनची बायको दुसरी कुणीतरी, आणि तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तरी मी दगड पाहायला गेले. चिखलाचे दिवस सुरू झालेत, बूट निम्मे आत जातात आणि बाहेर येताना पाय एकटाच येतो. स्लेटच्या जुन्या दगडावरची अक्षरं समोरून दिसत नाहीत, बाजूनं ऊन पाडावं लागतं. म्हणून क्लिफर्डनं घरून त्याच्या बायकोचा न्हाणीघरातला आरसा आणला होता. तो आरसा तिरका धरून उभा, आणि मी गुडघ्यांवर, खाली गोणपाट.

"दिसतं का काही?" त्यानं विचारलं.

"आरसा हलवू नकोस. 'जेरुशा, इफ्रेम व टॅबिथा...' वय दोन. तेच, वहीत आहे तेच."

"खाली अजून लिहिलेलं असणार. निम्मा दगड जमिनीत गेलाय. मे महिन्यात माती सैल झाली की मी हा वर काढून सरळ बसवणारच आहे."

"काही गरज नाही," मी म्हटलं. "मला हवं होतं ते कळलं."

"विनी, तू आणि अर्धा दगड वाचून घरी जाणार? बरं नाहीये का तुला?"

त्याला म्हटलं, आरसा पुसून बायकोला परत दे, नाहीतर तुलाच सरळ बसवेल ती.

तर असं आहे. तुझ्या अटीप्रमाणे तू मोकळी झालीस. जेन हे नाव मला आवडलं. सुटसुटीत आहे, कोऱ्या पाटीसारखं. आणि खरं सांगू? ते दुसरं नाव लहान मुलींना लाभलेलं दिसत नाही. १७१९ मध्ये नाही आणि १९५५ मध्येही नाही. तू सहा वर्षांच्या त्या मुलीला पाहिलं नाहीस. तिला कुणी लाडानं 'जेरी' म्हटलं की ती ओ द्यायची नाही, मान वळवून उभी राहायची. पूर्ण नाव घ्या, मगच बोलेन. फोटोत ती शहाण्यासारखी बसलीय ते माझ्या हातातल्या पेपरमिंटच्या गोळीकडे बघत.

एवढं कशाला लिहिलं कोण जाणे. या ओल्या हवेत मन जरा भरकटतं.

लग्नाला यायचं जमेलसं वाटत नाही. गुडघा.

विनिफ्रेड मावशी

---

नॉर्थ एल्डन
गुरुवार, १२ मे १९८३

चि. भाचीबाई,

हे पत्र बसून वाच आणि पुरतं वाच. मध्येच रागानं फेकून दिलंस तर मी समजू शकते, पण मग उचलून पुढचं वाच. मंगळवारच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून खास टपालानं पाठवतेय.

मार्चमध्ये मी तुला जे लिहिलं ते चुकीचं होतं. आणि चूक नकळत झाली असती तर मी दोन ओळींत माफी मागून मोकळी झाले असते.

अडतीस वर्षं मी त्या वह्यांत डोकं घातलंय. त्या काळचे लोक काय करत हे या गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. एका घरात जॉन गेला की दुसरा जॉन, तो गेला की तिसरा. नवशिके लोक पहिला मृत्यू पाहून फांदी तोडून टाकतात, आणि मी त्यांना ओरडत असे: "अहो, पुढची पानं उलटा, त्याच नावाचं दुसरं असेल!" इतक्या जणांना शिकवलेली गोष्ट मी तुझ्यासाठी मात्र केली नाही. पहिला मृत्यू मिळाला आणि वही मिटली. क्लिफर्ड खाली अजून आहे म्हणत होता तरी निघून आले. कारण मला तेच उत्तर हवं होतं. तू नाव बदलावंस असंच मला वाटत होतं.

गेल्या आठवड्यात क्लिफर्ड दारात आला. टोपी हातात, पायांना चिखल, आत यायला तयार नाही. "विनी," म्हणाला, "तुझा दगड सरळ केला. तू स्वतः येऊन वाच. मी सांगणार नाही." मला वाटलं नेहमीसारखा टिंगल करतोय. पण चेहरा तसा नव्हता.

गेले. या वेळी आरसा लागलाच नाही. जमिनीखाली राहिलेली अक्षरं कालच कोरल्यासारखी होती. अख्खा मजकूर उतरवून देते:

"जेरुशा, इफ्रेम व टॅबिथा वॅडलो यांची कन्या, वय दोन वर्षे. तिच्या शेजारी जेरुशा, त्यांचीच कन्या, वय अकरा आठवडे. हा दगड त्यांची बहीण जेरुशा, नेथन पाइकची पत्नी, हिने बसवला. १७७१."

तिसरी, अगं! ती तिसरी जेरुशा होती. मग चर्चच्या कपाटातली जुन्या पाद्र्यांची वही काढली, तर तिचा बाप्तिस्माही मिळाला, १७२३. तिच्या मृत्यूची नोंदही आहे, वय शहाऐंशी. अकरा मुलं, त्यांतला सायलस आपला. म्हणजे कागद हवा होता तो मिळाला, दगडावर मिळाला. तू तिच्या वंशातली आहेस, आठ पिढ्या, मधली एकही पायरी सुटलेली नाही.

मी तिथंच गवतात बसले. ती बाई अठ्ठेचाळीस वर्षांची होती दगड बसवला तेव्हा. तिनं आपल्या आधीच्या दोघींना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्यासाठी दगड करायला कुणी तिला सांगितलं नसणार, आईबाप कधीच गेले होते. तरी तिनं त्यांना बहिणी म्हटलं आणि त्याच दगडावर आपलं नाव घातलं. मला रडू कोसळलं. क्लिफर्ड बिचारा दुसरीकडे जाऊन उगाच गवत कापत राहिला.

आता जे लिहायचंय ते मी अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

ऑगस्ट १९५५. तुझे आईवडील हार्टफर्डला नवीन घर लावत होते, म्हणून तुझी बहीण आठ दिवस माझ्याकडे होती. पोलिओचा उन्हाळा, पाण्यातून लागण होते म्हणत. तुझी आई, लोइस, मला दारात बजावून गेली, "विनी, पाण्यात नेऊ नकोस. तळं नाही, ओढा नाही. कितीही हट्ट करू दे." मी म्हटलं, बरं बाई, कळलं. पण असा उकाडा की पत्र्याला हात लावला तर भाजावं. पोर घामानं निथळत होती, मागे लागली होती, "मावशी, फक्त पाय बुडवीन." परत जायच्या आदल्या दिवशी मी तिला गिरणीच्या तळ्यावर नेलं. तासभर. पाय बुडवायचे ते ती गळ्यापर्यंत बुडाली आणि मला पाणी उडवत राहिली. इतकी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. त्यानंतर नवव्या दिवशी, हार्टफर्डला घरी, तिला ताप आला. तापाच्या पाचव्या दिवशी, श्वास चालू ठेवणाऱ्या त्या लोखंडी पेटीतच तिनं प्राण सोडला.

दवाखान्याच्या लांबलचक ओसरीत लोइसनं माझे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "पाण्यात गेली होती का ती?"

मी म्हटलं, "नाही."

डॉक्टर नंतर म्हणाले, कुठूनही लागण झाली असेल, दुकानातून, शेजारून, कुठूनही. असेलही. पण मी जे 'नाही' म्हटलं ते काही कुठून आलं नव्हतं, ते माझंच होतं.

मग १९५७ मध्ये तू झालीस. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्यांनी नाव उच्चारलं आणि मी बाकावरून उठून बाहेर पडले. पायरीवर लोइसला नको ते बोलले. "गेलेल्या लेकराच्या नावावर दुसरं बसवतेस? तुला काही वाटत नाही?" सगळ्यांना वाटलं विनी जुन्या वळणाची, अपशकुन मानणारी. मला तसं वाटू देणं सोयीचं होतं. खरं काय ते हे: कुणी ते नाव घेतलं की मला लोइसचे खांद्यावरचे हात आठवत. म्हणून तुला मी कुठल्याच नावानं हाक मारली नाही. तू चार वर्षांची असताना माझ्या एप्रनला धरून म्हणाली होतीस, "मावशी, माझं नाव सांग ना." मी म्हटलं, "अगं, सोड, ओव्हन तापलाय." ते तुला आठवत नसेल. मला आठवतं.

तुला हे पत्र तुझ्या आईच्या पाठीमागून लिहिणं बरं दिसलं नसतं. म्हणून रविवारी पहिल्या बसनं हार्टफर्डला गेले. लोइस परसात रेवाचिनीचे आंबट लाल देठ खुडत होती. मला पाहून उठली नाही. "कोण मेलं?" एवढंच विचारलं.

"कुणी नाही. मला एक सांगायचंय."

"मग उभी का? धर हे," म्हणाली आणि टोपली माझ्याकडे ढकलली.

मी तिथं उभ्यानंच सगळं बोलले. तळं, तास, 'नाही'. ती पानं तोडून वेगळी ठेवत होती, विषारी असतात ना ती. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिची पिशवी मीच रिकामी केली ना. फ्रॉक ओला होता, शिवणीत तळ्यातलं शेवाळ. तिला ताप यायच्याही आधी. मी तिला विचारलं, तर म्हणाली, मावशीला रागावू नकोस, मीच हट्ट केला."

माझ्या हातून टोपली खाली पडली. "मग दवाखान्यात मला का विचारलंस?"

"तू हो म्हणशील म्हणून. आपण दोघी मिळून रडलो असतो, विनी. तू नाही म्हणालीस आणि मला एकटीला रडायला लावलंस."

मी म्हटलं, "तू माझा द्वेष केला असशील."

"तळ्यासाठी? नाही. उकाडा मलाही माहीत होता, आणि तिचा हट्टही. मी नेलं असतं कदाचित." मग ती पहिल्यांदा उठली. चिडली होती, चांगलीच. "पण माझ्या दुसऱ्या पोरीला तू सव्वीस वर्षं हाक मारली नाहीस. दर नाताळला ती ते कार्ड घेऊन माझ्याकडे यायची आणि विचारायची, मावशीला मी आवडत नाही का? त्याचं काय करायचं ते सांग. ते मी माफ करू शकत नाही, ते माझं नाहीच. तिचं आहे."

मग म्हणाली, "जा आता, बस चुकेल. आणि पुढच्या रविवारी ये, हे देठ शिजवून ठेवते, एकटीला संपायचे नाहीत." मी बसमध्ये हार्टफर्डपासून आमच्या चौकापर्यंत रडत आले. ड्रायव्हरनं मला स्वतःचा रुमाल दिला.

तेव्हा आता चेंडू तुझ्याकडे. तू माझ्याकडे खरं मागितलंस आणि मी तुला अर्धा दगड दिला. त्याची माफी मागते. त्याच्या आधीच्या सव्वीस वर्षांची माफी कशी मागायची ते मला येत नाही. येत असतं तर मागितली असती.

मंगळवारी कोर्टात काय करायचं ते तू ठरव. जेन व्हायचं असेल तर हो, आणि त्या नावानं सुखानं नांद. कागदाची ददात नाही म्हणून नाव ठेवच, असं मी म्हणणार नाही. ते दडपण तुझ्यावर आम्ही जन्मल्यापासून टाकलंय, आणखी नको. लग्नाला मात्र येणार आहे, गुडघ्यासकट. बोलावणं अजून कायम असेल तर.

फक्त मंगळवारच्या आत, ते नाव अजून तुझं आहे तोवर, एकदा तरी त्या नावानं तुला हाक मारायची होती. तोंडानं मारायला धीर होत नाही, म्हणून लिहून मारते. स्वयंपाकघरात कुणी नाही, आणि तरी लिहिण्याआधी तीनदा ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. नाव तोंडात बसतंय. आधी मी खोटं सांगितलं होतं.

तुझ्या बहिणीची मावशी मी सहा वर्षं होते, अगदी जीव टाकून. तुझी व्हायची राहून गेले. उशीर फार झालाय, मला कळतं. पण, जेरुशा, अजून चालेल का गं?

तुझीच,
विनी मावशी